गुंजवण्यात राहिलेलं पान

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस उरले असताना सरांनी माझं स्केचबुक परत केलं. मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साठ पानांची वही भरून द्यायची होती आणि मी ती दिली होती. सरांनी सावकाश सगळी पानं उलटली. एका वडाच्या झाडावर ते थांबले.

"हे झाड कुठलं?"

मी काही सांगायच्या आत त्यांनी पुढचं पान उलटलं.

"आणि ही मडकं घेतलेली बाई?"

"मोबाईलवरची आहे, सर."

"सगळीच?"

मी होकारार्थी मान हलवली. सर रागावले नाहीत. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "सुट्टी संपली की नवी वही घेऊन ये. समोर बसून काढलेली. नाहीतर मी टर्म देणार नाही."

टर्म गेली की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की सोलापूरला परत, हे मला पाठवतानाच ठरलं होतं. वडील यंत्रमागावर काम करतात. मुलीला चित्रं काढायला पुण्याला पाठवायचं की नाही, यावरून आमच्या घरात चार महिने वाद चालला होता. तेव्हा सुट्टीत घरी जाऊन आईला तोंड दाखवण्याची हिंमत मला झाली नाही. होस्टेलवरची मैत्रीण मनीषा म्हणाली, "आमच्या कामथडीला चल. भात कापायला आलंय. तिथनं गुंजवण्याला आत्याकडं जाता येईल. काढायला हवं ते मिळेल तुला."

भोर आणि वेल्हे हा मुलूख मी कधी पाहिलेला नव्हता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. पण डोंगर-किल्ल्यांची माहिती माझ्याकडून फारशी मिळणार नाही. मी तिथं एक वही भरायला गेले होते आणि ती मला भरता आली नाही.

कामथडी

मनीषाचं घर सातारा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्या दारात ट्रकांचा आवाज आणि मागच्या दारात खाचरं, पिकून पिवळी पडलेली. आमच्याकडं शेत म्हणजे सपाट, एकसलग, नजर पोचेल तिथपर्यंत. इथं शेताचे लहान लहान तुकडे, प्रत्येकाला बांध, आणि एकाचं पाणी दुसऱ्यात उतरावं म्हणून थोडा थोडा उतार. मला ते सगळंच इतकं सुंदर वाटलं की पहिल्या दिवशी एकही रेघ धड आली नाही. डोंगर काढले, ते कॅलेंडरवरच्या डोंगरांसारखे झाले. पानं फाडायची नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून ते वहीत तसेच आहेत.

मनीषाची आई भाकरी थापता थापता माझ्याकडं बघत होती. "चित्रं काडाया एवढ्या लांब आलीस? सोलापुरात काय न्हाईच व्हय काडायला?"

मी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर वही उघडून बसले, तर त्यांनी माझ्या हातात विळाच दिला. "आदी काप. मग काड."

आमच्याकडं ज्वारी मुळासकट उपटतात. विळ्याची सवय मला नव्हती. डाव्या मुठीत भाताचा चूड धरायचा आणि विळा आपल्याकडं ओढायचा. पाचव्या की सहाव्या चुडाला मी बोट कापून घेतलं. मनीषाच्या आईनं हळद दाबली, लुगड्याची चिंधी बांधली आणि मला बांधावर बसवलं. त्या दिवशीचं काम माझ्यासाठी संपलं.

मग बसल्या बसल्या तोच विळा समोर ठेवून काढला. त्याचे बारीक दाते मुठीच्या बाजूला झुकलेले असतात. ओढताना कापावं म्हणून. हे मला बोट कापल्यामुळं कळलं. नुसता बघून काढला असता तर दाते सरळ काढले असते. अख्खा एक तास मी त्या विळ्यावर घालवला. संध्याकाळी मनीषाच्या आईनं चित्र बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "ह्यो माजा विळा. मूठ उललीया बग हितं." मी ती चीर काढली होती. पण ती काढताना मूठ उललीय असं मनात आलंच नव्हतं. दिसली तशी काढली होती.

कामथडीत तीन दिवसांत चौदा पानं झाली. पेंढीची गाठ, झोडणीचा दगड, दारातल्या चपला, बाजरीच्या भाकरीवरची बोटं. चौथ्या दिवशी मला स्वतःबद्दल जरा बरं वाटू लागलं होतं आणि त्याच भरात मी एकटी भोरला गेले.

भोर

भोर हे मोठं शांत गाव आहे. बाजारपेठेत चक्कर मारली, एका हॉटेलात मिसळ खाल्ली आणि नीरेच्या घाटावर येऊन बसले. पाणी संथ होतं. दगडी पायऱ्यांवर ऊन तिरपं पडलं होतं. खालच्या पायरीवर पाच पुरुष पाठमोरे बसले होते. सगळ्यांच्या डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. मागं काही बायका, पुढं केळीच्या पानावर भाताचे पिंड. कुणाचातरी दहावा होता.

हे मला कळत होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्या पाच पाठी, ते उन्हात चमकणारे माथे आणि पलीकडचं पाणी यांची मांडणी इतकी नेमकी होती की हात आपोआप चालू लागला. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र होत होतं. सगळे जण कावळ्याची वाट बघत होते. कावळा येत नव्हता, आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. माणसं हलत नव्हती.

मागून कुणीतरी म्हणालं, "काय काढताय?"

तिशीची बाई होती, साध्या पांढुरक्या साडीतली. शिकलेली, कुठंतरी नोकरी करणारी असावी. मी वही मिटू लागले, तर तिनं हात पुढं केला. मी वही दिली. तिनं बराच वेळ चित्र पाहिलं.

"हे माझे भाऊ आहेत," ती म्हणाली. "हा मध्ये बसलाय तो धाकटा. आईचा दहावा आहे आज."

"माफ करा. मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्हाला ते माहीत होतं. म्हणूनच नाही विचारलंत ना?"

मी म्हटलं, "पान फाडू का?"

"आता फाडून काय होणार आहे? बघून तर झालं तुमचं."

तिनं वही परत दिली आणि ती खाली भावांकडं गेली. मी उठून चालू लागले. कावळा पिंडाला शिवला की नाही ते मी पाहिलं नाही. कपूरहोळपर्यंतच्या एसटीत मी वही मांडीवर पालथी धरून बसले होते. घरी आल्यावर मनीषाच्या आईकडून चमचाभर कणीक घेतली, तिची खळ केली आणि ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं.

मनीषाला म्हटलं, मी उद्या पुण्याला जाते. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "आत्याला कळवलंय मी. ती वाट बघत असेल. काढू नकोस काही. नुसती चल."

गुंजवणे

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या एसटीनं मार्गासनीपर्यंत आणि तिथून साखरमार्गे एका टेम्पोत, भाताच्या रिकाम्या पोत्यांवर बसून. राजगड पहिल्यांदा दिसला तो असा, पोत्यांवरून. पुढं तो इतका जवळ आला की वर बघितल्याशिवाय दिसेना. खाली गुंजवणीच्या धरणाचं पाणी पसरलेलं, सकाळच्या थंडीत वाफाळणारं.

मनीषाच्या आत्या, शेवंताबाई, साठी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, चालताना कमरेत थोड्या वाकलेल्या. त्यांच्या यजमानांना सगळे तात्या म्हणतात. तात्या फारच कमी बोलतात. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी पिंकी असे रविवारी भात झोडायला येतात. एरवी घरात दोघंच. घर पत्र्याचं, उंचवट्यावर. जुनी वाडी खाली होती, ती धरणात गेली. काही घरांना लांब देशावर जमिनी मिळाल्या. हे दोघं वर सरकून इथंच राहिले.

मनीषा मला सोडून दुसऱ्या दिवशी परत गेली. तिच्या घरची झोडणी राहिली होती. मी राहिले, कारण आत्यांनी सोडलंच नाही. मी आणलेली शेंगाची चटणी त्यांना आवडली. तिच्याबरोबर आमच्याकडं कडक भाकरी खातात, महिनाभर टिकणारी, हे सांगितल्यावर त्या हसल्या. "म्हैनाभर? आमची तांदळाची भाकर सांजच्यापातूर बी राहत न्हाई." ती भाकरी गरम असताना कापडासारखी मऊ असते. तिच्यासोबत पावट्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्या दिवशी मी इतकं जेवले की आत्यांनी तात्यांकडं बघून मान डोलावली.

मी भारे वाहायला मदत केली, दाणे सावडले. वही काढली ती फक्त वस्तूंसाठी. सूप, कणगी, पाण्याची कळशी. आत्यांच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी ओट्यावर पावटा सोलताना त्यांनी विचारलं, "मानसं का काडत न्हाईस गं?"

मी भोरचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आत्या शेंगा सोलत राहिल्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मला इचारलंस तर म्या व्हय म्हनीन."

"काढू का आत्या तुमचं चित्र?"

"व्हय."

मी काढलं. अंधार पडेपर्यंत जेवढं झालं तेवढं. त्यांनी ते दिव्यापाशी नेऊन बघितलं, स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. "आईवानी दिसाया लागले म्या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. तात्या अंगणात पेंढ्या बांधायला गवताच्या वेत्या वळत होते. आत्यांनी भांडी आवरली, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि विचारलं, "न बगितल्याल्या मानसाचं निगंल का गं चित्र?"

"कुणाचं?"

"माज्या लेकीचं. सुमीचं."

त्यांना मुलगी होती हे मला मनीषानंही सांगितलं नव्हतं. आत्यांनी सांगितलं ते थोडक्यात होतं. सुमी पहिली. पाच वर्षांची असताना आषाढात तापानं फणफणली. तेव्हा इकडं मोटार येत नव्हती. तात्या तिला खांद्यावर घेऊन डॉक्टरकडं निघाले, पण नदीला पाणी होतं, उतरता आलं नाही. संध्याकाळी तात्या परत आले ते तिला तशीच घेऊन; ती वाटेतच गेली होती. लहान लेकरू म्हणून पुरलं, घराखालच्या आंब्याच्या बुंध्याशी, वर एक दगड ठेवून. पुढं धरण आलं. घर गेलं, आंबा गेला, दगडही पाण्याखाली गेला.

"फोटू न्हाई येक बी. कोन काडनार? मुलगा तवा पाळन्यात व्हता, त्याला तर काईच ठावं न्हाई." त्या थांबल्या. "म्या सांगते, तू काडशील?"

अंगणातून तात्यांचा आवाज आला. "कशाला उकरून काडतीस?" आणि वेत्या तिथंच टाकून ते खाचराकडं निघून गेले.

मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. "आत्या, तात्यांना नको असेल तर…"

"त्यांचं त्यांच्यापाशी. मला माजी पोर बगायचीया."

मी वही उघडली. तोंडाचा आकार विचारला. आत्यांनी हातानं दाखवला, गोल. मी काढला. नाक? "नाक… लेकराचं असतंय तसं की." डोळे? मोठे. भुवया? त्या सांगत गेल्या, मी काढत गेले, खोडत गेले. भुवया जुळलेल्या, हनुवटीत खळी, वरचे दोन दात मोठे. अर्धा-पाऊण तास गेला असेल. चेहरा हळूहळू तयार झाला आणि आत्या एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर पिंकी झाली."

नातीचा फोटो भिंतीवर होता, तो मीही पाहिला होता. पिंकीच होती ती. हनुवटीतल्या खळीसकट.

मी दुसरं पान घेतलं. "आपण परत करू. घाई नाही. आत्या, डोळे मिटा, मग सांगा."

आत्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसल्या. चेहरा हळूहळू बदलत गेला तो मी बघत होते. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "मला तिचं तोंडच आठवंना, बाई."

त्या रडल्या नाहीत. उठल्या आणि घासून पालथी ठेवलेली भांडी घेऊन पुन्हा घासायला बसल्या. मी तिथंच बसून राहिले. लेकीचं तोंड आपल्याजवळ आहे अशा समजुतीवर त्या बाईनं एवढी वर्षं काढली होती, आणि मी पाऊण तासात ती समजूतही काढून घेतली होती. भोरला निदान माझी चूक सांगणारं कुणी होतं. इथं आत्यांनी जेवताना मला आग्रहानं आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या टेम्पोनं मी निघणार होते. सकाळी उजाडता उजाडता तात्या ओट्यापाशी उभे दिसले. अंगावर घोंगडी, हातात काही नाही.

"वही हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"ये."

मी त्यांच्यामागून गेले. कापणी झालेल्या खाचरांमधून एक लांब बांध पाण्याच्या दिशेनं उतरत जातो. गवतावर दंव होतं. बांधाच्या वरच्या टोकाला तात्या थांबले. मला वाटलं, ते रागावतील. ते समोर बघत म्हणाले, "तिचं तोंड हिला कसं आठवंल? ती कवा सरळ हुबी राहायचीच न्हाई. म्होरं पळायची. शेतावर जाताना माज्या म्होरं चालायची. मला पाटच दिसायची."

मी बांधावर बसले आणि पान उघडलं.

"पाटमोरं निगंल?"

"निघेल, तात्या."

तात्या सांगू लागले. केस बारीक कापलेले, उवा झाल्या होत्या म्हणून. उजवा कान बाहेर आलेला. चुलत बहिणीचा फ्रॉक, गुडघ्याखाली पोटरीपर्यंत येणारा, पाठीवरचं एक बटण तुटलेलं. डोक्यावर भाकरीचं फडकं, एका हातानं धरलेलं. दुसऱ्या कुणाला ते घेऊ द्यायची नाही. बांध समोर होता, तो मी समोर बघून काढला. त्यावर ती हळूहळू उमटू लागली. तात्या माझ्या खांद्यावरून बघत होते.

"खांदा इतका सरळ न्हाई. डोईवर वजं हाय न्हवं."

मी खांदा उतरवला.

"पाय. डावा पाय आत टाकायची. आंगठा आत."

मी डावा पाय खोडून पुन्हा काढला, अंगठा आत वळवून. तात्यांनी श्वास घेतला तो मला ऐकू आला. "व्हय," ते म्हणाले. "व्हय. ही सुमी."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, हात लांब करून धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. मग दंवानं भिजलेल्या गवतावर तसेच खाली बसले.

"म्या नदीपातूर गेलतो," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की चित्राशी, ते मला सांगता येत नाही. "पानी उतरंल म्हनून थांबलो. झाडाखाली बसलो, घोंगडी घालून. तिचं डोस्कं हितं, माज्या खांद्यावर. दुपारी ती हलायची थांबली. मला कळलं. पर उटवंना. घरी जाऊन हिला काय सांगू? म्या तसाच बसलो. सांजच्यापातूर बसलो. हिला म्हनलं, वाटंत गेली, आत्ता गेली."

मी मागं वळून पाहिलं. आत्या आमच्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या, हातात चहाची किटली आणि दोन कप. किती वेळ उभ्या होत्या, माहीत नाही. तात्यांनाही त्या आत्ताच दिसल्या असाव्यात.

आत्या पुढं आल्या. किटली बांधावर ठेवली. तात्यांच्या शेजारी बसल्या.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी आलासा तवा ती लाकडावानी झालती. आत्ता गेल्यालं लेकरू तसं नसतंय. मला तवाच कळलं."

"बोलली न्हाईस कवा."

"तुमी बोलला न्हाईसा."

खाली पाण्यावर धुकं होतं. आत्यांनी तात्यांच्या हातातून वही घेतली, मांडीवर ठेवली आणि चित्राकडं बघितलं. कालच्यासारखं पुन्हा व्हायला नको होतं. आत्यांनी बोट पुढं केलं, पण कागदाला लावलं नाही. डाव्या पायाच्या जरा वर धरलं.

"अशीच टाकायची पाय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "फ्रॉक निळा व्हता."

"माझ्याकडं रंग नाहीत, आत्या. नुसती पेन्सिल आहे."

"असू दे. म्या निळाच बगीन."

मग त्या रडल्या. तात्यांनी आपली घोंगडी काढून त्यांच्या पाठीवर टाकली. मी उठून खालच्या खाचरापर्यंत चालत गेले आणि पाण्याकडं तोंड करून उभी राहिले. आंबा कुठं होता ते मी विचारलं नाही. नंतर निघताना तात्यांनी आपणहून दाखवलं. पाण्याच्या मधोमध बोट केलं, "थितं." पाण्यावर काहीच वेगळं नव्हतं.

खरं सांगायचं तर ते पान मला द्यावंसं वाटत नव्हतं. माझ्या हातून इतकं बरं काही कधी उतरलं नव्हतं आणि वर्ष वाचवायला ते एकच पान पुरलं असतं. घरी आल्यावर तात्यांनीच विचारलं, "तुज्या मास्तरांना दावायचं असंल न्हवं?" मी दोन-चार क्षण गप्प राहिले. तेवढा वेळ मला लागला हे लिहून ठेवते. मग ब्लेड मागितलं आणि पान शिवणीपासून नीट कापून काढलं.

"आत्या, मोबाईलवर एक फोटो घेऊ का याचा?"

आत्यांनी विचार केला. "नगं," म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं.

निघताना त्यांनी पिशवीत चार किलो इंद्रायणी तांदूळ घातला आणि माझं कापलेलं बोट हातात घेऊन बघितलं. खपली धरली होती.

पुणे

सुट्टी संपल्यावर सरांनी वही मागितली. एकेचाळीस पानं भरली होती. त्यांनी पहिले डोंगर पाहिले आणि पान उलटलं. विळ्यापाशी बराच वेळ थांबले. मग चिकटवलेलं पान आलं.

"हे काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते उकलायचा प्रयत्न केला नाही. आत्यांचं चित्र आलं, त्यानंतर खोडून खोडून काळं झालेलं पिंकीचं तोंड, त्यानंतर शिवणीजवळ कागदाची कापलेली कड.

"आणि हे?"

तेही सांगितलं. सगळं नाही, तात्यांचं नदीवरचं सांगितलं नाही. इथं ते लिहिते आहे, ते त्या दोघांना मनीषाकडून विचारून. सर खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते. मग त्यांनी टर्मच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "एकोणीस पानं कमी आहेत. ती आणून द्यायची."

त्या शनिवारी मी सोलापूरला गेले. वडिलांना विचारून मागावर, त्यांच्याशेजारी दोन दिवस बसले. तो खडखडाट लहानपणापासून माझ्या कानात आहे, पण वडील सूत तुटलं की डाव्या हाताच्या कुठल्या दोन बोटांनी गाठ मारतात ते मला माहीत नव्हतं. एकोणीस पानं तिथं झाली. परीक्षेत मला जेमतेम बरे गुण मिळाले, वर्ष वाचलं.

संक्रांतीला मनीषा आत्याकडं जाऊन आली. ते चित्र काचेत घालून भिंतीवर लावलंय म्हणाली. हार घातलेला नाही. आत्यांनी घालू दिला नाही. मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. मुलगा ते ऐकून दोन दिवस कामावर गेला नाही. आता पिंकी तिथं आलेली असली की घरी येईल त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेते आणि दाखवते. मनीषालाही नेलं.

"ही आमची आत्या," पिंकी म्हणाली. "ती अजून शाळेत जात नाही. लहान आहे माझ्यापेक्षा."